अख्खी सुपारी

आमच्या गावच्या शाळेची स्मरणिका निघते आहे. माझ्या मामांबद्दल तिच्यात एक वाक्य आहे : गावची मराठी शाळा त्यांच्या संमतीने तेलुगू झाली. वाक्य खोटं आहे. ते मी जन्माला घातलं आणि गावाने पोसलं. गावाला मी माफ करत नाही, पण सुरुवात माझी.

गाव जैनथकडचं, पैनगंगेच्या अलीकडचं. निजामाचा अंमल गेला, मग राज्यांची नवी वाटणी झाली, आणि नदीपलीकडे मराठीचा मुलूख, अलीकडे तेलुगूचा, असं ठरलं. मी तहसिलीत कारकून होतो. उर्दू शाळेत शिकलो होतो, तेलुगू बाजारात. नव्या साहेबांबरोबर दुभाष्या म्हणून मलाच हिंडवत.

आमच्याकडे दारी आलेल्याला तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत. 'तुमी म्हणान तसं' म्हणतात. खरं उत्तर पानाच्या तबकात असतं. घरधन्याने अडकित्ता उचलून सुपारी फोडली, तर बोलणं पक्कं. अख्खीच पुढे सरकवली, तर नकार. सोयरीक असो की बैलाचा सौदा, रीत हीच.

ही रीत मला कुणी समजावून सांगायला नको होती. मामांची मुलगी मागायला वडील मला घेऊन गेले, तेव्हा मामा गोड हसले. "लेक तुमचीच आहे, भाऊजी. तुमी म्हणान तसं," म्हणाले आणि अख्खी सुपारी पुढे केली. आम्ही उठलो. अंगण ओलांडतो न ओलांडतो तोच मामींचा आवाज आला, "कचेरीतल्या दौती भरते अन् मायी पोरगी मागते!" वडिलांनी ते तिथंच सोडलं. मी पुढे कित्येक वर्षं मनातल्या मनात मामींना उत्तरं देत राहिलो.

मग साहेब आले. मामा गावचे पाटील, म्हणून बैठक त्यांच्याच ओसरीवर. खाली अंगणात गाव बसलेलं. साहेब समुद्रकाठचे, घाईचे. त्यांनी तेलुगूत विचारलं, मी मामांना सांगितलं, "साहेब इचारून राह्यले, शाळा तेलुगू केली तं चालन का?"

मामांनी साहेबांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. "साहेब पाव्हणे आहेत. ते म्हणतीन तसं." आणि तबकात अख्खी सुपारी ठेवून ते साहेबांपुढे सरकवलं. अडकित्त्याला हातही लावला नाही.

अंगणातले लोक सैलावले. कुणी विडी पेटवली. त्यांच्या लेखी शाळा वाचली होती.

"काय म्हणतात?" साहेबांनी मला विचारलं.

"तुम्ही म्हणाल तसं, म्हणतात."

शब्दाला शब्द. पुढे आयुष्यभर मी त्याच्याच आड लपलो. सुपारीबद्दल बोललो नाही. साहेबांनी तबकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ते 'मंजूर' म्हणून उठले.

उन्हाळा सरला आणि मराठी मास्तरांची बदली झाली. नव्या मास्तरांचं पोरांना कळेना, पोरांचं मास्तरांना. एकेक पोरगं ढोरांमागे गेलं. ज्यांनी ती सुपारी डोळ्यांनी पाहिली होती, तेच विहिरीवर मामांना टोचू लागले, "काऊन हो पाटील, केवढ्याले इकली शाळा?" भेकड लोक. कचेरीवर चालून जायला पाय नव्हते, आणि म्हाताऱ्याला टोचायला जीभ होती.

दिवाळीला मी मामांकडे गेलो.

"या जी. बसा," ते म्हणाले. जन्मभर मला 'अबे' म्हणणारा माणूस. "तबकात काय होतं, तुमाले दिसलं नाही काय?"

"साहेबाले शब्द लागतात, मामा."

"त्याले लागत होते. तुमी तं घरचे होते."

आतून मामी ओरडल्या, "घरचा? घरच्या कुत्र्याले बी समजते वो!"

"गप वं," मामा म्हणाले. "पाव्हण्याले असं बोलत नाहीत."

मामींची शिवी मी विसरलो. पाव्हणा हा शब्द नाही. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले, टोचणी खात मेले. पण भाच्याचं नाव त्यांनी कुणापुढे काढलं नाही.

मागच्या आठवड्यात त्यांचा नातू आला. हैदराबादेत नोकरी करतो, स्मरणिका तोच काढतो. त्याने ते वाक्य वाचून दाखवलं. "आजोबा, तुमी तिथं होते ना? हे बरोबर आहे, एवढं म्हणा, बस."

म्हातारपणीही जीभ तीच. घरी आलेल्याला 'नाही' म्हणवेना. "तू म्हणशीन तसं," मी म्हणालो आणि अख्खी सुपारी त्याच्यापुढे सरकवली.

"मी सुपारी खात नाही, आजोबा," तो हसला. "मंग नक्की समजू ना?" आणि वहीत खूण करून गेला.

त्याच्या पाठीकडे पाहताना मला त्याचा संताप आला. स्वतःच्या आजोबांच्या घरची रीत त्याला ठाऊक नाही. पण कुठून असावी? ती रीत ज्या बोलीत सांगतात, तिची शाळा मीच बुडवली.

तेव्हा आता तबक नको. मामांनी संमती दिली नव्हती. त्यांचा नकार मी गिळला. हे वाक्य छापायला माझी संमती आहे का, याचं उत्तर 'नाही' असं आहे. नाही, नाही.