शिंपीण आत्याची तपासणी

माझी आत्या शिंपीण. बाजाराच्या रस्त्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. दोन मशिनं, एक उंच आरसा आणि मापं घ्यायला कोपऱ्यात पडदा. गल्लीतल्या कुठल्या बाईची कंबर वाढली, हे तिला सगळ्यात आधी कळतं आणि ती ते तोंडावर सांगतेही. स्वतःच्या बाबतीत मात्र बया लाजाळूचं झाड! मागे एकदा दवाखान्यात गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करायला गेली, ते टेबल आणि तो दिवा बघितला आणि चपला हातात घेऊन पळाली. पुन्हा कुणी विषय काढला की, "मला काय धाड भरलीये?"

यंदा दवाखान्यातली नर्स गणवेश आखूड करून घ्यायला आली, तेव्हा म्हणाली, "आत्या, आता पद्धत बदललीये. कॅन्सर ज्याच्यामुळे होतो तो एचपीव्ही विषाणू आहे का, हे आधी बघतात. मऊ ब्रशाच्या काडीने नमुना तुमचा तुम्हीच घ्यायचा. विषाणू नसला तर पुढची काही वर्षं निवांत."

"टेबल?"

"नाही."

"दिवा?"

"नाही हो!"

आत्या तपासणीला गेली. आणि नेमका विषाणू सापडला.

मी दुकानात पोचले तेव्हा शटर अर्धं ओढलेलं होतं. आत्या मशीनपाशी हात मांडीवर ठेवून बसली होती. "तुझ्या आतोबांना जाऊन इतकी वर्षं झाली. आता हे कुठून आलं म्हणून सांगू? लोक तोंडात शेण घालतील गं."

मी नर्सला बोलावून आणलं. ती शटरखालून वाकून आत आली. "आत्या, हा शरीरसंबंधातून येतो खरा, पण बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि बहुतेक वेळा आपोआप जातो. कधी कधी वर्षानुवर्षं गप्प पडून राहतो. यात कुणाचा दोष नाही. विषाणू म्हणजे कॅन्सरही नव्हे. पण आता आतून बघायला हवं."

म्हणजे टेबल आणि दिवा आलेच. आत्याने माझा हात असा आवळला की नखं रुतली. डॉक्टरीणबाईंना थोडी बिघडलेली जागा दिसली. "कॅन्सर नाही, पण सोडून दिलं तर पुढे होऊ शकतो," म्हणाल्या आणि तिथेच उष्णता देऊन ती जागा जाळून टाकली. आत्या डोळे मिटून पडली होती. मग एक डोळा उघडून म्हणाली, "बाई, तुमच्या कोटाची बाही उसवलीये. पाठवून द्या."

आम्ही तिघी खो खो हसलो. घरी आल्यावर मात्र ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली.

वर्षाने पुन्हा तपासलं, तर विषाणू नव्हता. तेव्हापासून पडद्यामागे टाचण्या तोंडात धरून आत्या प्रत्येकीला विचारते, "तपासणी केलीस का?" बेकरीवाली फारच आढेवेढे घेऊ लागली, तेव्हा दुकान बंद करून तिला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेली.

बेकरीवाली आडोशातून बाहेर आली. "झालं? एवढंच?"

"मग काय," आत्या म्हणाली, "बँडबाजा लावायचा?"