हंगामीने पाहिलेला गोल

माझ्या साडूला सगळं गाव हंगामी म्हणतं. आमच्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर ऐन मोसमात सोडून गेला, तेव्हा क्लबने याला हंगामी मॅनेजर केलं. नेमणूक संपली, नाव चिकटलं ते चिकटलंच.

तो मूळचा बॉयलरवाला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात पहाटे बॉयलर पेटवायचा, चादरींना वाफ पुरवायचा आणि संध्याकाळी क्लबच्या राखीव पोरांना पळवायचा. फुकट. सराव संपल्यावर त्याची पोरं बसायची नाहीत, आडवीच व्हायची. मी आयुष्यभर पाण्याच्या पाइपांसाठी चर खणले. माणूस कामाला भिडलाय की फावडं धरून नुसता उभा आहे, हे मला लांबून कळतं. हा भिडणारा होता.

पण संघ त्याच्या हाती आला तेव्हा गाळात होता आणि त्याच्या हातात असताना तळाला गेला. शेवटच्या सामन्यात तिसरा गोल खाल्ल्यावर आमचा अख्खा स्टँड उभा राहिला आणि मैदानाकडे पाठ करून शेवटपर्यंत तसाच राहिला. मी त्या दिवशी पाळीवर होतो. नसतो तर मीही पाठ केली असती. संघ खालच्या गटात घसरला. साडू परत बॉयलरवर गेला आणि मैदानात त्याने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

त्याचं घर मैदानामागच्याच गल्लीत. सामन्याच्या दिवशी कपडे वाळत घालायला म्हणून गच्चीवर जायचा आणि कठड्याला टेकून स्टँडचा आवाज ऐकत राहायचा. मेहुणी म्हणायची, "एक टॉवेल घेऊन चढतात आणि दोन तास तो वाळत घालतात."

यंदा मोसम सुरू व्हायच्या आधी तिनेच मला गाठलं. "भावोजी, यांना मैदानात जायचंय. तोंडाने म्हणणार नाहीत. लोक काय बोलतील याची धास्ती घेतलीये. तुम्ही घेऊन जा की."

मी म्हटलं, आधी सलूनमध्ये नेतो. स्टँडमधली मंडळी रविवारी सकाळी तिथेच पडलेली असतात. तिथे निभावलं तर मैदानातही निभावेल. शिवाय इतकी वर्षं त्याचे केस मेहुणीच कापत होती, आणि ते दिसत होतं.

आम्ही गेलो तेव्हा एका खुर्चीत बसचालक तोंडावर गरम टॉवेल घेऊन मागे रेलला होता. हा आमच्या स्टँडमधला सगळ्यात मोठा गळा. न्हाव्याने साडूला पाहिलं, क्षणभर थबकला आणि दुसरी खुर्ची झटकली. टॉवेलखालून बसचालकाचं चालूच होतं, क्लबचा आजवरचा सगळ्यात वाईट मॅनेजर कोण.

"कोटवाला घे. भर उन्हात कोट. बुटाला कधी चिखल लागला नाही त्याच्या. मग तो प्रोफेसर. फळ्यावर बाण काढायचा नुसते. बाण पळायचे, पोरं जागच्या जागी."

"आणि बाकावर झोपणारे आजोबा?" न्हावी म्हणाला.

"ते बरे. झोपेत निदान कुणाला बदलायचे नाहीत. पण तळ म्हणशील, तर हंगामी."

न्हावी खाकरला.

"खाकरतोस काय? खोटं बोलतोय का मी?"

"खरं आहे," साडू आरशाकडे बघत म्हणाला.

बसचालकाने टॉवेल ओढून काढला. चेहरा वाफेने लाल झाला होताच, आणखी झाला. पण माघार घेणाऱ्यातला तो नव्हे. "तोंडावर सांगतो. त्या दिवशी पाठ करायला पहिला मी उठलो."

"माहितीये. पिवळा स्वेटर होता तुमचा."

न्हाव्याने कात्री खाली केली. "एक विचारू? त्या दिवशी आपणही एक गोल केला होता. धप्प आवाज झाला, आम्हाला वाटलं चौथा खाल्ला. दुसऱ्या दिवशी पेपरात बघतो तर तीन-एक. तो गोल झाला कसा? आमच्यापैकी कुणी पाहिलाच नाही."

"मी सगळ्यांना हेडर सांगतो," बसचालक म्हणाला.

आता साडूने काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं.

"हेडर नाही," तो म्हणाला. "त्यांच्याच बॅकच्या गुडघ्याला लागून आत गेला."

"हात्तिच्या! म्हणजे त्यांनीच घातला?"

"त्यांनीच. पण क्रॉस आपल्या डाव्या बॅकचा. त्याच्या पोटरीत गोळा आला होता आणि बदली खेळाडू संपले होते. आपल्या गोलपाशी त्याच्या पायातून बॉल गेला. त्याने मागे धावून तो काढून घेतला आणि कडेकडेने निघाला. मध्ये एकदा माझ्याकडे बघितलं, थांबू का म्हणून. समोर तुम्हा सगळ्यांच्या पाठी. मी काय सांगणार? माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी तो पळाला. पार टोकापर्यंत. बॉल मारला आणि तोंडावर पडला."

"मग?"

"उठेना. त्याला वाटलं बॉल बाहेर गेला. कुणी ओरडलंच नाही, तर कळणार कसं त्याला? मी आत धावत गेलो आणि सांगितलं, अरे, झाला."

बसचालकाने टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, "शनिवारी या. शिव्या खाव्या लागतील, आधीच सांगतो."

"किती?"

"माझ्या शेजारी बसलात तर मागच्यांना मी गप्प करीन. माझ्या तेवढ्या सोसा."

शनिवारी साडू आला. नवीन कापलेले केस, मान ताठ, हात मात्र गुडघ्यांवर घट्ट. मागून एकजण ओरडला, "हंगामी आले रे, आता बुडालो!" बसचालकाने मागे वळून त्याचा नीट समाचार घेतला. साडू मैदानाकडे बघत राहिला.

दुसऱ्या सत्रात आमच्या एका पोराचा बॉल पायातून सुटला आणि तो कमरेवर हात ठेवून बघत उभा राहिला. स्टँडमधून पहिली शिवी हासडली ती साडूने, ताडकन उभं राहून. त्याच्या पाठोपाठ अख्खा स्टँड उठला, तोंडं मैदानाकडे करून.