करपलेली भाकरी

सांगलीत आमच्या शेजारच्या खोलीत ती राहायची. नवरा फौजेत, मांडीवर पोर आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष. रॉकेलचे पैसे दुधाला जायचे, म्हणून ती चुलीच्या उजेडात वाचायची. माहेरच्या उसाचं पाचट भपकन पेटायचं, भिंतीवर मायलेकराची एकच सावली डोलायची आणि तव्यावर भाकरी करपायची.

"आवं वहिनी, आज धडा लय गोड हुता," म्हणत ती तीच भाकरी खायची.

पोर आजारी पडलं, तेव्हा औषधासाठी तिनं पुस्तकं विकली. मग रोज भिंतीपलीकडून छान भाजलेल्या भाकरीचा वास येऊ लागला. माझ्या घशाखाली घास उतरेना.

एका संध्याकाळी पुन्हा करपल्याचा वास आला. कुणाची तरी पुस्तकं तिनं मागून आणली होती.

त्या दिवशी मी पोटभर जेवले.