आधी एक रिंग

सरकार, बँक आणि मोबाईल या तिन्ही गोष्टी खास आपल्याला गंडवण्यासाठीच काढलेल्या आहेत, अशी पक्की खात्री असलेला उभ्या बुलढाणा जिल्ह्यातला सर्वात सावध माणूस म्हणजे माझे मामसासरे. बायकोचे मामा, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणायचो. मोताळ्याला राहायचे. लग्नाच्या पंगतीत, माझ्या ताटात बुंदी पडायच्या आत त्यांनी पहिला सल्ला माझ्या कानात सोडला, "जवाईबापू, आंगठा कुठीबी देऊ नका. द्याच लागला त डाव्या हाताचा द्या. उजवा आपल्यासाठी ठेवा." रेशनच्या दुकानात ते स्वतः हा नियम पाळायला गेले आणि यंत्राने त्यांना ओळखायलाच नकार दिला. दुकानदार वैतागला, मागची रांग ओरडायला लागली. मामा मात्र रिकामी पिशवी हलवत खुशीत घरी आले. आपण सरकारला सापडलो नाही, हा आनंद त्यांना आठवडाभर पुरला.

एटीएममध्ये ते डोक्यावरून दुपट्टा घेऊन शिरायचे आणि दाराशी मामींना पहाऱ्याला उभं करायचे. आत गेल्यावर आधी मुद्दाम चुकीचे आकडे दाबायचे, का तर मशीन गाफील व्हावं. असं गाफील करता करता एक दिवस कार्डच बंद पडलं. बँकेतल्या बाईंनी कारण समजावून सांगितलं, पण मामांना ते आधीच कळलेलं होतं. "पाह्यलं? मशीन डूख धरते," ते बाहेर येऊन मला म्हणाले.

पण त्यांचं खरं डोकं चाललं ते फोनमध्ये. गल्लीतल्या एका शिक्षिकाबाईंना कोणीतरी 'बँकेतून बोलतोय' म्हणून फोन केला आणि समोरचा चहा गार होईस्तोवर त्यांची जन्माची पुंजी नाहीशी झाली. त्या दिवशी मामांनी घरात कायदा केला. आधी एक रिंग द्यायची, फोन कापायचा, मग पुन्हा लावायचा. तोच फोन घरच्या माणसाचा. सरळ वाजत राहिला तर तो चोराचा, मग नंबर कोणाचाही दिसो. "माह्या नंबरावरून सरळ रिंग आली त समजायचं, फोन चोरीले गेला. उचलशीन त घर बुडवशीन," हे त्यांनी मामींकडून पाठ करून घेतलं. परीक्षाही घ्यायचे. अंगणात उभं राहून सरळ फोन लावायचे आणि चुलीपुढच्या मामींनी भोळेपणाने उचलला की रात्री जेवताना अबोला. हळूहळू मामी पास होऊ लागल्या. शिवाय चोराला घरचं माणूस सापडू नये म्हणून फोनमध्ये एकाचंही खरं नाव नव्हतं. मामी 'पाणीपट्टी' आणि मी 'वायरमन'. मी तक्रार केली तर म्हणाले, "वायरमनले कोनी फोन करत नाही, बापू. केला तरी तो येत नाही."

गेल्या उन्हाळ्यात ते फोनची बॅटरी बदलायला खामगावला आले. मोताळ्याचे दुकानदार बॅटरीत काहीतरी बसवून देतात असा त्यांना संशय होता. काम झाल्यावर बसस्टँडसमोरच्या रसवंतीवर, रसाचा ग्लास हातात असतानाच ते कोसळले. रसवंतीवाला भला माणूस. त्याने त्यांना ऑटोत घालून दवाखान्याकडे नेलं आणि वाटेत त्यांचाच फोन काढून सर्वात वर दिसली ती 'पाणीपट्टी' लावली. रिंग शेवटपर्यंत वाजली, थांबली. त्याने पुन्हा लावली, पुन्हा लावली. शेवटी 'वायरमन' लावला. मी मामांच्या शाळेतला कायमचा नापास, पहिल्याच रिंगला उचलला. खामगावातच राहतो, धावत पोचलो. तोवर मामांच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

दवाखान्याच्या पायरीवर बसून मी मामींना एक रिंग दिली, फोन कापला, पुन्हा लावला. त्यांनी लगेच उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "जवाईबापू, ह्यायचा फोन चोरीले गेला वाटते. मघापासून सरळ वाजून राह्यला होता. पन म्या एकदाबी नाही उचलला." त्यांना शाबासकी हवी होती. मला ती देता आली नाही.

तेरवीला तो रसवंतीवाला मोताळ्याला आला. मामींसमोर बसून म्हणाला, "ऑटोत शुद्धीवर होते बाबा. म्या म्हनलं, घरचा नंबर सांगा. त म्हने, तुमाले काऊन सांगू?" मांडवातले लोक हसले, रडता रडता मामीही हसल्या. "मंग म्या फोन त्यायच्या कानाले लावला. नुसता वाजे. त म्हने, नाही उचलनार ते. पक्की हाय."

आता कोणी हसलं नाही. मामींनी पदर सावरला. "पक्की म्हनले?"

"हाव."

"अजून एक डाव सांगा. कसं म्हनले?"

मामांनी एका रिंगची खूण सांगितली असती तर मामींचा आवाज त्यांच्या कानावर पडला असता. पण परक्या माणसाला खूण सांगतील ते मामा कसले! मला त्यांचा राग येतो, आणि आता आंगठा कोणता द्यावा हे सांगायला कोणी उरलं नाही म्हणून रडूही येतं.

मामी हल्ली प्रत्येक फोन पहिल्या रिंगला उचलतात. परवा मी गेलो तेव्हा फोनमध्ये कर्ज देऊ करणारा रेकॉर्ड केलेला आवाज चालू होता आणि त्या मन लावून ऐकत मधूनमधून "हाव, हाव" म्हणत होत्या. मी म्हटलं, "मामी, कापा तो. तिकडे माणूस नाही."

"बोलू द्या, बापू," त्या म्हणाल्या. "मी आता कोनाचाच कापत नाही."