देवाची ओवी आणि आईची हाक

महेश्वरी ऑफिसात कधीच गाणं ऐकत नाही. दिवसभर गाण्यांच्याच तक्रारी निस्तरते, पण तिचे हेडफोन टेबलाच्या कडेला धूळ खात पडलेले असतात. "ऐकत बसले तर कुंभारीला घरी जाऊन भाकऱ्या कधी थापू?" म्हणते. सात रस्त्याजवळच्या आमच्या ऑफिसात तिची खुर्ची माझ्या शेजारी. आमच्या वेबसाइटवर लोक आपापली गाणी टाकतात. मग कुणीतरी उगवतं आणि म्हणतं, हे माझं आहे, चोरलंय. तक्रार आली की व्हिडिओ बंद करायचा, टाकणाऱ्याला फॉर्म पाठवायचा आणि उत्तर बघून ठेवायचा की पुसायचा ते ठरवायचं. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन खाऊन ती इतकी थकलीय की तिला आता रागही येत नाही. मला अजून येतो.

परवा एका म्युझिक कंपनीची तक्रार आली. मंगळवेढ्याकडच्या बिरप्पा नावाच्या मेंढपाळानं आपल्या आईचा, मायाक्काचा, धनगरी ओवी गातानाचा व्हिडिओ टाकला होता. तीच ओवी कंपनीनं कुणाकडून तरी गाऊन घेतली, अल्बममध्ये घातली आणि आमचीच म्हणून मोकळी झाली. पिढ्यान् पिढ्या बिरोबापुढं म्हटली जाणारी ओवी! लाज कशी वाटत नाही या लोकांना?

बिरप्पाचा फॉर्म भरून आला. 'या गाण्याचे मालक आपण आहात का?' यापुढं त्यानं 'नाही' लिहिलं होतं. 'मालक कोण?' यापुढं 'बिरोबा'.

अशा उत्तरावर नियमानं व्हिडिओ कायमचा पुसायचा. महेश्वरीनं माउसवर हात ठेवला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, ऑफिसच्या फोनवरून त्याला फोन लावला.

"मामा, तिथं 'होय' लिहा. बाकीचं मी बघते."

"न्हाय ताई," स्पीकरवर बिरप्पाचा आवाज आला. "ववी देवाची हाय. देवाच्या वस्तूला आपलं नाव लावत्यात व्हय?"

"अहो, नाहीतर व्हिडिओ जाईल."

पलीकडं नुसती मेंढरं ओरडत होती. मग तो म्हणाला, "आई गेल्या साली गेली. माजा फोन हिरीत पडला. तिचा आवाज तेवढाच ऱ्हायलाय."

"मग लिहा ना मामा!" महेश्वरी ओरडलीच. तिला असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"देवाच्या नावावर खोटं न्हाय लिवणार, ताई. ववी नेऊ द्या त्यास्नी. पर शेवटाला आई मला हाक मारती बगा. ती हाक तर देवाची न्हाय की. ती माजी हाय."

महेश्वरीनं हेडफोन पुसले आणि कानाला लावले. पडद्यावर घोंगडीवर बसलेली एक म्हातारी, डोळे मिटून गाणारी. महेश्वरीनं व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला. तो गुपचूप डाउनलोड करून त्याला पाठवावा तर तक्रारीतला व्हिडिओ डाउनलोड होत नाही, आणि आमचे मोबाइल दाराशीच काढून घेतात.

आमच्याकडं एक सोय आहे. भांडणातला तुकडा कापायचा आणि उरलेला ठेवायचा. ती कुणी वापरत नाही; गाणंच कापल्यावर उरणार काय? महेश्वरीनं ओवी जिथं संपते तिथपर्यंत खूण केली आणि कापून टाकली. अख्खी ओवी गेली. मला तिचा राग आला, कंपनीचा आला, सगळ्यात जास्त त्या फॉर्मचा आला.

"मामा, उरलेल्याचा मालक विचारतायत."

"बिरप्पा लिवा," तो लगेच म्हणाला. "मायाक्काचा ल्योक."

तिनं लिहिलं. फॉर्म बिनबोभाट पास झाला.

"ताई, एकडाव लावता?"

महेश्वरीनं हेडफोनची वायर काढली. म्हातारीनं डोळे उघडले, समोर बघितलं आणि हसत म्हणाली, "बिरू, झालं रं लेकरा. बंद कर आता."

पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पुढची तक्रार येऊन थांबली होती.

"ताई... परत."

महेश्वरीनं डोळे पुसले आणि परत लावलं.