छातीत दुखत असल्याबाबत अर्ज

स्पिरिटचा वास आला की घाटकोपरच्या इस्पितळातल्या सिस्टर आठवतात; माझ्यावर सर्वांत जास्त उपकार त्यांचेच. काही वर्षांपूर्वी छातीत कळ आली तेव्हा मी घामाने भिजत कॅज्युअल्टीत पोहोचलो आणि गावच्या शाळेतल्या सवयीने खिडकीपाशी उभा राहून अर्ज लिहू लागलो : ‘महोदय, छातीत दुखत असल्याने दाखल करून घ्यावे, ही नम्र विनंती.’ सिस्टरांनी कागद ओढला. “अहो दादा, हार्ट अटॅकला कसला अर्ज? आधी आडवे व्हा, मग लिहा!” त्यांनी स्वतः स्ट्रेचर ढकलत मला आत नेलं आणि डॉक्टरांचे उपचार चालू असताना माझा हात घट्ट धरून ठेवला. मी पुटपुटलो, “सही राहिली.” “सही मी करते, तुम्ही श्वास घ्या.” घरी आल्यावर मी त्यांना पत्र पाठवलं : ‘महोदया, आपल्या सूचनेनुसार आधी आडवा झालो, म्हणून हे लिहिता येत आहे.’