नाव न घेतलेलं गाव

तुम्ही हसणार, हे मला माहीत आहे. मीही हसलो असतो हो, पण त्यात नेमका मीच होतो ना! माती खाणं म्हणजे काय, ते मला विचारा.

आम्ही राहतो इथे परदेशात, बुकित पंजांगला आणि माझं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तुआसला. एका संध्याकाळी दमून घरी येताना मी आमच्या इथल्या त्या चिमुकल्या एलआरटीत झोपलो. ही गाडी गोल फिरते बरं का! आमचं स्टेशन आलं, गेलं, परत आलं, परत गेलं. शेवटी बायकोचा, मानसीचा फोन. "अरे, आहेस कुठे?"

मी खिडकीतून बघितलं. "आपल्याच बिल्डिंगसमोरून चाललोय. पुन्हा."

त्याच दिवशी ठरवलं, बास झालं हे!

आणि मग मला ते व्हिडिओ सापडले. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचं छोटंसं गाव. निळं पाणी, माड, पत्र्याच्या छपरांची घरं आणि माझ्याच वयाची माणसं, आयटी सोडून तिथे निवांत मासे भाजत बसलेली. वेडाच झालो मी! भाड्यानं मिळणारं एक घरसुद्धा हेरून ठेवलं.

पण मानसीला सांगायचं कसं? कॅरिबियन म्हटलं की ती म्हणणार, "कशाला? क्रिकेट बघायला?" म्हणून मी एक चलाखी केली. नावच घेतलं नाही, नुसते फोटो दाखवले.

"असा किनारा, असं घर, रोज ताजे मासे. जाऊ या सगळं सोडून?"

मानसीचे डोळे भरून आले हो! "खरंच म्हणतोयस? तुला हे सुचेल असं मला वाटलंच नव्हतं."

"कुठलं गाव ते कळलं तुला?"

"न कळायला काय झालं? पण आत्ता नाव नको घेऊस. दृष्ट लागते."

मी मनात म्हटलं, हिनं माझा लॅपटॉप बघितलेला दिसतोय. बायको असावी तर अशी!

पुढे तर ती मलाच माहिती द्यायला लागली. "तिथे डास फार आहेत हं. आणि लोक चौकश्या करतात." बापरे, केवढा अभ्यास! आमची लेक इरा, इथल्या शाळेत शिकलेली, तिनं एकच विचारलं, "बाबा, वायफाय गॉट ऑर नॉट?" तर मानसी म्हणाली, "आहे, नुकतंच घेतलंय." घेतलंय? कुणी घेतलंय? मला शंका यायला हवी होती की नाही? नाही आली!

मी सरळ जाऊन बॉसला राजीनामा दिला. बॉस मिस्टर लिम, भला माणूस. म्हणाला, "कॅरिबियन? सो फार! इतक्यात मी कुणाला सांगत नाही. यू थिंक अगेन, कॅन?" मी म्हटलं, "नो नीड!"

मग बेडोकला आमच्या मित्राकडे, सुधीरकडे निरोपाची पार्टी. त्याची बायको रोहिणी मानसीला म्हणाली, "केवढं लांब गं! विमानं किती बदलावी लागतात?"

"बदलायची कशाला? मुंबईपर्यंत विमान, मग एसटी."

"एसटी?"

"हो. गुहागरची."

माझा बटाटावडा हवेतच राहिला. गुहागरच्या अलीकडे मानसीचं माहेर!

सुधीर खो-खो हसत सुटला. "अगं, हा तर महिनाभर कॅरिबियन-कॅरिबियन करतोय!"

मानसी माझ्याकडे वळली. "कसलं कॅरिबियन?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉलवर तिचे वडील, तात्या. सासूबाई गेल्यापासून नारळ-सुपारीच्या वाडीत एकटेच राहतात. हाताला चुना, चेहऱ्यावर दिवाळी.

"जावईबापू, बघा! खोली रंगवून घेतली. तुमच्या कंप्युटरला खिडकीशी टेबल मांडलंय. आणि तुम्हाला उकिडवं बसवत नाही ना, म्हणून हे बघा, कमोड!"

असं म्हणून त्यांनी सुधीरच्या अख्ख्या हॉलला तो कमोड दाखवला. फ्लश करून!

मानसी ओठ घट्ट मिटून उभी. मी म्हटलं, "तात्या, टेबल जरा डावीकडे घ्या. डोळ्यांवर उजेड येईल."

घरी येताना मेट्रोत, म्हणजे इथल्या एमआरटीत, मानसीनं मला कोपरानं ढोसलं. म्हणाली, "एकदा नाव सांगायचंस की रे!"

"तूच म्हणालीस, घेऊ नकोस!"

तिला हसू आवरेना. हसता हसता रडायलाच लागली. "आता तात्यांना काय सांगू मी?"

"काही नको सांगूस. जाऊ या."

मिस्टर लिमनी राजीनामा परत दिला, वर रजाही दिली. इराच्या शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही कोकणात.

पहिला दिवस म्हणजे स्वर्ग! दुसऱ्या दिवशी लाइट गेले. मी विचारलं, "तात्या, आता?" त्यांनी हातात विणलेला पंखा दिला. मग शेजारी येऊ लागले, एकेक करून, हळू आवाजात. "नोकरी गेली का हो?" आणि शांतता तर अशी, की माझ्याच पोटातली गुरगुर मला ऐकू यायला लागली. शेवटी मी माडाखाली उभा राहून मिस्टर लिमना फोन लावला. "काही अर्जंट काम?"

"नो ला, यू रिलॅक्स!"

"सर, प्लीज, अर्जंट आहे म्हणा ना!"

निघताना तात्यांनी पाठीवर हात ठेवला. "जावईबापू, तुम्हाला नाही झेपायचं हे. पण आलात, फार बरं वाटलं." मी वाकून नमस्कार केला.

मानसी आणि इरा? त्या कुठल्या येतात! सुट्टी संपेपर्यंत तिथेच. इरा आजोबांबरोबर सुपाऱ्या सोलते, वायफाय विचारतसुद्धा नाही. साधं आयुष्य त्या दोघी तिकडे जगतायत आणि मी इकडे एकटा, रोज खिचडी खाऊन.

घ्या, चहा घ्या. मीच केलाय. साखर नसेल पडली तर घाला वरून. फक्त ती कुठल्या डब्यात असते, ते तेवढं मानसीला फोन करून विचारा!